पालथी पायली

आमच्या याडीनं हरभऱ्याचं बी उसनं दिलं. शेतकी संशोधन केंद्रातल्या डॉक्टरांनी ते नेलं, वापरलं, त्याच्यावर मोठे झाले आणि परत केलं नाही. फसवणारे ते, फसलेली माझी आई. हे आधीच सांगून टाकतो. पुढे थंडीबद्दल, दवाबद्दल, फुलांबद्दल लिहिणार आहे, पण मला निसर्ग वगैरे आठवून गहिवर आलाय असा कुणाचा समज व्हायला नको. मला राग आलाय. दर वर्षी हरभरा फुलला की येतो.

याडी म्हणजे आई. आम्ही तांड्यावरची माणसं. घरात आमची वेगळी बोली आहे, ती इथं मराठीत उतरवतो. तांडा डोंगरकडा गावाच्या वरच्या अंगाला, माळाला लागून. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख तुडवायचे. रेल्वे आली आणि बैल बसले, मग आम्हीही बसलो. ज्या माळावर बसलो तो कुणालाच नको होता, म्हणून आम्हाला मिळाला. याडी सांगते की आमचा हरभरा बैलांच्या खुराकातून उरलेला. लांबच्या वाटेनं चालणाऱ्या बैलांना जो द्यायचे, त्यातलाच मूठभर पेरला आणि तो इथं रुजला. खरं असेल, खोटं असेल. दाणा लहान, तांबूस, टोकाला जरा वाकडा. मोंढ्यात दाखवला तर व्यापारी नाक मुरडायचे. मीसुद्धा मुरडायचो. माझा धंदाच तो.

मी भुसाराचा माणूस. उभं पीक बघायचं, दाणा दाताखाली फोडायचा, शेतकऱ्याशी भांडायचं आणि माल वसमतच्या मोंढ्यात नेऊन तिथं व्यापाऱ्याशी भांडायचं. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन मी पक्कं घर बांधलं. मला कुणी धंदा हातात दिला नाही. गफूरचाचानं शिकवला तेवढाच. चाचाची वसमतला फुटाण्याची भट्टी आहे. वाळू तापली की त्याच्या भुवया जळतात आणि जीभ सुटते. मी पोरसवदा असताना पहिला सौदा हरून त्याच्या भट्टीपाशी बसलो होतो, तेव्हा म्हणाला, "रोता काय को? सामनेवाले का मुँह मत देख, हाथ देख. मुँह तो सब का मीठा रहता." तेवढं एक वाक्य घेऊन मी आयुष्य काढलं. एकदाच विसरलो, असं लोक म्हणतील. मी विसरलो नव्हतो. मला गप्प बसवलं गेलं.

आता पुन्हा तेच दिवस आहेत. सकाळी कुरुंद्याकडे उतरलो की हळदीच्या वाफ्यांवर धुकं झोपलेलं असतं आणि त्याच्या पलीकडे हरभऱ्याची राखाडी-हिरवी चादर. गाडी बांधावर लावून आत शिरलं की पायजम्याची खालची वीतभर पट्टी आंबट होते. शहरातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागेल. हरभऱ्याच्या पानांवर रात्री जे दव धरतं ते पाण्यासारखं नसतं, ते आंबट असतं. त्याला आंब म्हणतात. संध्याकाळी जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं झाडांवर अंथरायचं, सकाळी ऊन पडायच्या आत पिळायचं आणि बाटलीत भरून ठेवायचं. पोट दुखलं की चमचाभर. लहानपणी माझं पोट हिवाळ्यात फार दुखायचं. याडीला माहीत होतं की दुखत नाही. ती तरी चमचा भरायची आणि माझं तोंड वाकडं झालं की हसायची.

चामड्याच्या बुटाला ही आंब लागली की त्यावर पांढऱ्या रेघा उठतात आणि चामडं तडकतं. डॉक्टर आले ते असेच बूट घालून आले.

पेरणीचे दिवस होते. केंद्राची जीप बांधाशी थांबली. त्याच्या आदल्या वर्षी आसपासच्या सगळ्या शिवारात मर लागली होती. मर म्हणजे हरभऱ्याचा मोठा वैरी. झाड आधी पिवळं पडत नाही, आधी मान टाकतं, लाजल्यासारखं. उपटून देठ उभा चिरला की आत काळी रेघ. हट्टा गावापासून डोंगरकड्यापर्यंत त्या वर्षी लोकांनी झाडं चिरून चिरून रेघा पाहिल्या. आमच्या माळावरचा तुकडा आणि याडीचं बी गेलेली दोन-तीन शेतं तेवढी हिरवी राहिली होती, आणि ही गोष्ट कुणीतरी केंद्रात पोचवली.

डॉक्टर गोड माणूस. चष्मा, तेल लावून बसवलेले केस, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात. याडी बियाला राख चोळत बसली होती.

"मावशी, मागच्या वर्षी तुमच्या हरभऱ्याला मर लागली नाही म्हणे?"

"लागली की. चार-दोन झाडं मेली. सगळ्यांनीच जगलं पायजे असं कुठं हाय?"

"वाण कोणतं हे?"

"वाण?" याडीनं माझ्याकडे पाहिलं. "हरभरा हाय."

डॉक्टर हसले. असं हसणं मी ओळखतो. मोंढ्यात एखादा अडाणी गाडीवान भाव विचारतो तेव्हा दिवाणजी असंच हसतो.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि मी कबूल करतो की चांगलं सांगितलं. तुमच्या हरभऱ्यात मरीला दाद न देण्याचा गुण आहे. तो गुण झाडाच्या आत, रोपाच्या पेशीपेशीत लिहिलेला आहे, पण कुठे लिहिलाय ते कुणाला ठाऊक नाही. तो दिसत नाही. मात्र त्या लिखाणात ठिकठिकाणी खुणा आहेत. रेणूंच्या खुणा. त्या प्रयोगशाळेत पाहता येतात, पट्ट्यांसारख्या उमटतात. तुमच्या हरभऱ्याचा संकर मरीला पटकन बळी पडणाऱ्या हरभऱ्याशी करायचा. त्यांची लेकरं, नातवंडं, पणतवंडं वाढवायची. प्रत्येकात कुठली खूण आईकडून आली आणि कुठली बापाकडून ते बघायचं आणि कोण मेलं, कोण जगलं तेही बघायचं. जगणाऱ्यांमध्ये जी खूण सारखी सारखी सापडते, तिच्या आसपास तो गुण बसलेला असणार. असा सगळ्या खुणांचा नकाशा करायचा.

तांड्यातल्या लोकांना वाटलं की मला काही कळलं नसेल. मला तिथल्या तिथे कळलं. मोंढ्यात मी दुसरं काय करतो? एखाद्या व्यापाऱ्याचा आतून कुणाशी बेत आहे हे तो सांगत नाही, दिसतही नाही. मी बघतो तो कुणासोबत चहा पितो. एकदा दिसला तर योगायोग. दर बाजारी तोच गडी त्याच्या शेजारी बसलेला दिसला, की बेत त्या गड्याच्या आसपास. जो कधी शेजारी असतो, कधी नसतो, तो लांबचा. आणि जो सगळ्यांसोबतच चहा पितो त्याच्याकडे बघून काही उपयोग नाही. डॉक्टरांना हे सांगितलं तर ते चकित झाले. "अगदी बरोबर! दोन्ही पालकांत सारखी असलेली खूण आम्ही सोडूनच देतो." वर म्हणाले, "तुम्ही शिकायला हवं होतं हो." म्हणजे मी जे शिकलोय ते शिकणं नव्हे.

त्यांना हवं होतं मूठभर बी. याडी म्हणाली, "मूठभर कसं दिऊ? मूठ भिकाऱ्याला. उसनं मापानं जातंय."

मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की माप मिळतंय. तेव्हा मूठ गेली आणि दोन-तीन ठिकाणी लावून बघायचंय, थोडं जास्त असेल तर बरं, असं सुरू झालं. मी आडवा आलो. खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि हात पुढे केला. बैलबाजारात आणि जुन्या मोंढ्यात सौदा असा होतो. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची, दाबायची, भाव बोटांनी सांगायचा. तोंडानं नाही.

"काय देणार ते बोला, डॉक्टर."

डॉक्टरांनी रुमालासकट माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मंत्र्यासारखा हलवला. "तुमच्या तांड्याचं नाव होईल! या हरभऱ्याला तुमचं नाव देऊ."

समोरचा नाव देऊ म्हणाला की त्याचा हात रिकामा आहे हे समजावं. मी म्हणालो, "नाव आमच्याकडं हाय. दुसरं बोला." याडी उठली आणि राखेचा हात तिनं माझ्या छातीवर ठेवला. सदऱ्यावर पाच बोटं उमटली.

"बियाचा भाव करून राहिला व्हय रे? दारात बी मागायला आलेल्याशी सौदा करतात? हो बाजूला."

मी बाजूला झालो.

सवाईची रीत आमच्याकडे आजही आहे. पेरणीला ज्याच्याकडे बी नाही तो ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जातो. नाही म्हणायचं नसतं, आणि द्यायचं ते स्वतः पेरणार त्यातलंच द्यायचं असतं. पायली नेली तर सुगीला पायली आणि वर पाव पायली परत. तेही त्याच बियाचं, शेतातल्या पहिल्या राशीतून. उसनं गेलं की देणारी बाई आपली मापाची पायली भिंतीतल्या देवळीत पालथी घालते. बी परत आलं की तीच पायली सुलटी करून त्यात मोजून घेते. तोवर त्या पायलीनं घरात दुसरं धान्य मोजत नाहीत. बाहेरून आलेले साक्षर लोक याला व्याज म्हणतात. व्याज कसलं? ती आमची तिजोरी आहे. स्वतःच्या घरातल्या बियाला भुंगा लागेल, शेतावर गारा पडतील. पण तेच बी तांड्यात एका घरी, हट्ट्याच्या एका मुसलमान शेतकऱ्याकडे आणि कुरुंद्यात कुणाकडे तरी पेरलेलं असेल, तर गारा तिन्हीकडे एका दिवशी पडत नाहीत. दिलेलं बी म्हणजे राखलेलं बी. याडी तशी दर वर्षी दोन-तीन घरी द्यायची, आणि म्हणून माळावरचा हा वाकड्या नाकाचा हरभरा बैलांच्या काळापासून टिकला होता.

त्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "मावशी, यंदा दुसऱ्या कुणाला देऊ नका. आधीच यात मिसळ आहे, आणखी होईल. वाटायचं ते सगळं मला द्या. आमच्याकडे थंड खोली आहे. उंदीर नाही, कीड नाही. पुढच्या सुगीला शुद्ध करून देतो, मग तुम्ही सगळ्या गावाला वाटा."

"सवाईनं?"

"सवाईनं काय, दीडपटीनं देतो."

"दीडपट नको. सवाई."

ज्या घरांना दर वर्षी बी जायचं त्यांना याडीनं त्या वर्षी सांगितलं, यंदा केंद्रात दिलंय. फेडून उरलेलं त्यांनी खाल्लं-विकलं होतं, म्हणून त्यांनी मोंढ्यातलं दुसरंच बी पेरलं. तिनं सरकारची थंड खोली शेजारच्या घरातली कणगी समजली. मोठ्या घरची, चांगली सारवलेली कणगी. ही चूक आमच्यासारखीच माणसं करू शकतात. कागदावर जगणारा माणूस ही चूक कधीच करणार नाही, कारण त्याला शेजार असतो हेच माहीत नसतं.

जीप गेली. याडीनं पायली देवळीत पालथी घातली. लाकडी आहे ती, काठाला पत्र्याची पट्टी मारलेली.

मग जो हिवाळा आला तसा मी पुन्हा पाहिला नाही. हे लिहिताना मला माझाच संताप येतो, कारण तो हिवाळा सुंदर होता. हरभरा उगवून टाचेच्या वर आला आणि बाया शेंडे खुडायला उतरल्या. शेंडा खुडला की झाड फुटतं, चार फांद्या जास्त येतात, आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. सकाळच्या उन्हात पदराची वटी भरभरून पाला, बोटं आंबट, कुणाचं तरी गाणं मध्येच तुटायचं आणि हसणं सुरू व्हायचं. दुपारी कोवळा पाला, कांदा, मीठ आणि तिखट हातानं कालवून भाकरीसोबत.

त्यात डॉक्टर यायचे. बर्फाचा डबा घेऊन. निवडलेल्या झाडांना त्यांनी रंगीत चिठ्ठ्या बांधल्या होत्या. ते वाकून कोवळी पानं तोडायचे, बोटभर नळीत कोंबायचे आणि नळी बर्फात. बाया ओळीनं उभ्या राहून बघायच्या. आमच्या शेजारची काकू एकदा म्हणाली, "डॉक्टर, एवढ्याशा नळीत काय शिजंल? वटीत घ्या, बायकू खूस व्हईल." सगळं शेत हसलं. डॉक्टरही हसले. त्या दिवसापासून तांड्यावर त्यांचं नाव पानतोड्या डॉक्टर. संध्याकाळपर्यंत त्यांच्या बुटांवर पांढऱ्या रेघा उठायच्या. ते झटकायचे. आंब झटकून जात नाही.

फुलं आली. आमच्या हरभऱ्याचं फूल जांभळट गुलाबी, गव्हाच्या दाण्याएवढं. डॉक्टरांनी एकदा चिमट्यानं न उमललेली कळी उघडून दाखवली. तिच्यातला नराचा भाग काढून टाकायचा, दुसऱ्या झाडाचे परागकण आणून लावायचे. असा यांचा संकर. याडी मान तिरकी करून बघत होती. म्हणाली, "लगीन लावून राहिले, आन् नवरीच्या घरच्यांना आवतन न्हाई." डॉक्टरांना ते फार आवडलं. नंतर त्यांनी ते भाषणांतून सांगितलं म्हणे. नवरीच्या घरच्यांना आवतन मात्र तेव्हाही नव्हतं.

घाटे भरले. झाडं उपटून काट्याकुट्यांवर भाजून हुळा खाल्ला, ओठ काळे, हात काळे, राखेतून दाणे उचलताना बोटं पोळलेली. गफूरचाचा मुद्दाम वसमतहून आला होता. दाणे फुंकून तोंडात टाकत म्हणाला, "तेरी माँ का हरभरा दिखने में भिकारी, लेकिन खाने में नवाब." आणि मग, "सायंटिस्ट से सौदा किया क्या तू? लिया क्या?" मी म्हणालो, "नाव देणार हाय म्हणे." चाचा इतका हसला की त्याला ठसका लागला.

काढणी झाली. ढीग शेतात वाळत पडले होते आणि गारा आल्या. दुपारची वेळ. आधी वारा, मग पत्र्यांवर दगड पडल्यासारखा आवाज, मग पांढरं शेत. आमच्या माळावर आणि तांड्याच्या अंगालाच. खाली कुरुंद्यात थेंब नाही. दोन दिवस पाऊस चालला, ढीग आतून तापले, दाण्यांना मोड आले, मग बुरशी. बी म्हणून त्यातलं काहीच उरलं नाही.

तांड्यात रडारड झाली. याडी रडली नाही. ओट्यावर बसून मोडाचे दाणे ती शेळ्यांपुढे टाकत होती. "केंद्रात हाय की," म्हणाली. "सुगी व्हऊ दे त्यांची. देतील आणून."

त्यांची सुगी झाली. कुणी आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी गेलो. डॉक्टरांनी मला चहा पाजला आणि अभिमानानं शेत दाखवायला नेलं. तिथं मी आयुष्यातली सगळ्यात अजब जमीन पाहिली. मरीचं शेत. लोक रोग जावा म्हणून जमीन बदलतात, नवस बोलतात. इथं रोग जपलेला. वर्षानुवर्षं मेलेली झाडं त्याच मातीत गाडून मर पोसलेली. दोन ओळी सोडून तिसरी ओळ मुद्दाम लावलेल्या मरक्या वाणाची. ती वाळून काळी. मध्ये एक ओळ हिरवीगार, जांभळट फुलांची. लांबूनच ओळखली. आपलं माणूस परक्या गावच्या इस्पितळात दिसावं तसं.

"हा तुमचा हरभरा. बघा काय उभा आहे!"

"बराबर. ह्याच्यातलं द्या. गारांनी आमचं सगळं गेलं."

डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. अरेरे म्हणाले. यंदा बी कमी आहे म्हणाले. लेकरांच्या अजून बऱ्याच पिढ्या घ्यायच्यात, प्रत्येक पिढीला पालक शेजारी लावावा लागतो, नकाशा पूर्ण होऊ द्या. पुढच्या वर्षी नक्की.

"आमच्या म्हातारीचं तुमच्याकडं उसनं हाय, डॉक्टर. मागायला आलो न्हाई मी, न्यायला आलोय."

"मटेरियल असं उचलून देता येत नाही हो. एक प्रक्रिया असते."

"नेताना कुठं होती प्रक्रिया?"

डॉक्टरांनी आणखी एक चहा मागवला. मी मोंढ्यात माणसांच्या गळ्याला हात घातलेले आहेत. तिथं घातला नाही. चार पहारेकरी होते म्हणून नव्हे. माझ्या छातीवर अजून ती राखेची पाच बोटं होती.

दर हिवाळ्याला मी जात राहिलो. मग एका वर्षी खुर्चीत डॉक्टर नव्हते. नकाशा झाला होता, त्याची वाहवा झाली होती, आणि ते वरच्या जागेवर गेले होते. त्यांच्या जागी एक मॅडम. त्यांनी मला भिंतीकडे नेलं. काचेच्या चौकटीत नकाशा. मला वाटलं होतं शिवार असेल, बांध असतील. उभ्या काठ्या काढल्या होत्या, शेजारी शेजारी, आणि प्रत्येक काठीवर फूटपट्टीसारख्या रेघा. प्रत्येक रेघेला अक्षरं-आकड्यांचं नाव. एका काठीचा लहानसा तुकडा लाल रंगवलेला.

"मर रोगप्रतिकाराचा भाग इथे आहे," मॅडम म्हणाल्या. "हे तुमच्या भागातल्या एका स्थानिक वाणातून आलंय."

"कुठल्या भागातल्या?"

"मराठवाडा."

अख्खा मराठवाडा. तांडा नाही, डोंगरकडा नाही, बाई नाही. नाव देणार होते ते असं दिलं. वाकड्या नाकाचा दाणा, जांभळट फूल, बैलांचा खुराक, आंबेची बाटली, सगळं मिळून लाल रंगाचा नखाएवढा तुकडा. नकाशावर माझं वैर नाही. चहा कोण कुणासोबत पितं हे शोधणं मी स्वतः करतो आणि त्यात लाज नाही. पण बाजारातली सगळी गुपितं हुडकून काढणारा माणूस ज्याच्या ओसरीवर बसून चहा प्यायला त्यालाच विसरतो, त्याला मी हुशार म्हणत नाही. त्याला काय म्हणतात ते मोंढ्यात विचारा, इथं छापता येणार नाही.

मॅडम वाईट नव्हत्या. बी थंड खोलीत आहे, शून्याच्या खाली, नंबर लावून, सुरक्षित आहे, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. काढायला वरची परवानगी लागते. परवानगी कोण देतो? ज्यांनी नेलं तेच, आता वरून. निघताना त्यांनी एक पाकीट दिलं. नवं वाण, तुमच्या हरभऱ्याचा गुण यात उतरवलाय. उंच वाढतं, यंत्रानं कापता येतं.

याडीनं पाकीट फोडलं, दाणे तळहातावर घेतले. मोठे, फिकट, देखणे. तिनं ते भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी घुगऱ्या केल्या.

"अगं, पेरायचं हाय ते!"

"उसन्याच्या बदली दुसरंच बी आलं तर पेरत न्हाईत. पेरलं की फेड मान्य केली. खायचं असतंय." एक दाणा तिनं चावून पाहिला. "चांगला शिजतोय. पोरगं चांगलं निघालंय. पण मी पोरगं कुठं मागून राहिले? माय परत द्या म्हणते."

आज सकाळीही कुरुंद्याच्या खाली एका शेतात झाडांनी माना टाकलेल्या पाहिल्या. शेतकऱ्यानं एक उपटलं, चिरलं, काळी रेघ दाखवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती ओढली. या घरात पूर्वी याडीचं बी यायचं. "तुमच्या म्हातारीचा हरभरा असता तर..." तो म्हणाला आणि पुढे बोलला नाही. मी भावावरून त्याच्याशी भांडलो, सवयीनं, पण जोर आला नाही.

घरी आलो तर गुळगुळीत कागदाची पत्रिका आलेली. तालुक्याला शेतकरी मेळावा. प्रमुख पाहुणे तेच आपले पानतोड्या डॉक्टर. विषय, स्थानिक वाणांचं जतन. आणि त्या निमित्तानं आमच्या याडीचा सत्कार. शाल, श्रीफळ. तिच्या नावापुढे 'बीजमाता' असं छापलंय. बी ठेवून घेतलं आणि माता परत पाठवली.

मी पत्रिका फाडायला घेतली. याडीनं हातातून काढून घेतली. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं.

"शाल कशाला? मला कुठं थंडी वाजून राहिली?" ती म्हणाली. मग देवळीकडे बघितलं. पायलीवर इतक्या हिवाळ्यांची धूळ आहे. ती कुणाला पुसू देत नाही. "जाऊ आपण. ती सोबत घे. पालथीच घे, सुलटी करू नको."

"तिथं भांडायचं का मी?"

"आता भांड," याडी म्हणाली. "आता माझा हात न्हाई मध्ये."

तर डॉक्टर, हे तुमच्यासाठी. मेळाव्यात पाहुण्यांच्या टेबलावर, तुमच्या हारांच्या शेजारी, मी ती पायली पालथी ठेवणार आहे. माझी आई समोर बसलेली असेल. तुमच्या खोलीतल्या बर्फातून तिचं बी काढा, पायली सुलटी करा, भरा, वर पाव घाला. शाल तुम्हीच पांघरा. आणि हे जमणार नसेल तर माइक हातात घ्या, तिच्या डोळ्यांत बघा आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं सांगा: उसनं नेलेलं बी तुमचं कोणत्या दिवशी झालं?